फिनलंडसाठी एक आजोबा

आमच्या घरात आजोबा नव्हते. म्हणजे होते, पण फोटोत. आईचे वडील, साताऱ्याचे, हॉलच्या भिंतीवर चंदनाच्या हारात. बाबांचे वडील समोरच्या भिंतीवर, प्लॅस्टिकच्या हारात. या दोन हारांवरून दर दिवाळीच्या साफसफाईत जे होतं तो वेगळा विषय आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की, जिवंत आजोबा ही गोष्ट आमच्याकडे नव्हती, आणि कुणी ती मागेल असं वाटलंही नव्हतं. मग फिनलंडहून मागणी आली.

झालं असं की माझी धाकटी बहीण सृष्टी, इयत्ता नववी, एका संस्थेच्या अदलाबदल योजनेत निवडली गेली. आधी फिनलंडची एक मुलगी आमच्याकडे पंधरा दिवस राहणार, मग सृष्टी त्यांच्याकडे. अट एकच: पाहुणी आमच्या घरात रमली पाहिजे आणि संस्थेच्या बाईंना घर पसंत पडलं पाहिजे. नाहीतर सृष्टीची जागा प्रतीक्षायादीतल्या शेफालीला. शेफाली सृष्टीच्या वर्गात आहे. तिच्या घरी पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे आणि त्या खोलीला वेगळा एसी आहे. आमच्याकडे पाहुण्यांसाठी वेगळी उशी आहे.

"शेफाली जर फिनलंडला गेली ना," सृष्टीने जेवताना शांतपणे जाहीर केलं, "तर मी या घरात कुणाशीही बोलणार नाही. दादाशी आजपासूनच."

"मी काय केलं?"

"तू घरात दिसतोस."

मी घरून काम करतो. आयटीत आहे. त्यामुळे मी दिसतो हे खरं आहे.

आता बापूराव. आम्ही नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मजल्यावर दोनच दारं. समोरच्या दारामागे बापूराव रिसबूड राहतात, एकटेच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर पाणी अडवल्यामुळे समोर दिसेल ते अडवायची त्यांना सवय आहे. आमच्यातला वाद चपलांच्या रॅकचा. दोन दारांमधली जागा त्यांनी टेपने मोजून मधोमध खडूची रेघ मारली आहे आणि ती दर सोमवारी पुन्हा गिरवतात. आमचा रॅक रेघेच्या चार बोटं पलीकडे जातो. बापूराव याला अतिक्रमण म्हणतात. बाबा म्हणतात, रेघ तिरकी आहे. या मुद्द्यावर दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. निरोप द्यायचा असला तर दूधवाल्याकडे देतात. दूधवाल्याने त्याचे वेगळे पैसे अजून मागितलेले नाहीत, हा त्याचा चांगुलपणा.

फिनलंडच्या कुटुंबाशी पहिला व्हिडिओ कॉल ठरला रविवारी दुपारी. पहिल्या मजल्यावरच्या कौशल्याताई सकाळीच सल्ला द्यायला वर आल्या. "परदेशी लोकांना ना मोकळी जागा लागते. पसारा दिसला की त्यांना गुदमरतं. माझी नणंद स्वित्झर्लंडला जाऊन आली आहे, टूरने." झालं. आईने पसारा बाहेर काढला. बाहेर म्हणजे जिन्याजवळ, दोन दारांच्या मधे. फोल्डिंगची कॉट, इस्त्रीचं टेबल, दिवाणातल्या गाद्या, पाण्याचं पिंप, माझी व्यायामाची सायकल आणि त्या सगळ्याला टेकू म्हणून रॅक. खडूची रेघ दिसेनाशी झाली. दुपारची झोप आटोपून बापूरावांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्यासमोर गाद्यांची भिंत होती.

त्यांनी हाका मारल्या नाहीत. आरडाओरडा केला नाही. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा अशा वेषात ते कॉटवरून, पिंपाला वळसा घालून, सायकलच्या दांडीखालून आमच्या हॉलमध्ये आले, सोफ्याच्या मधोमध बसले आणि हाताची घडी घालून म्हणाले, "माझी वाट मोकळी होत नाही तोवर मी इथून उठणार नाही."

त्याच क्षणी लॅपटॉपवर फिनलंड उगवलं.

आई, वडील आणि तेरा वर्षांची आयनो. सोनेरी केस, गंभीर चेहरा. बाबा वेलकम म्हणाले. आई वेलकम म्हणाली. मी वेलकम म्हणालो. बापूराव काही म्हणाले नाहीत. ते कॅमेऱ्याच्या बरोबर मध्ये बसून समोर बघत होते. आम्ही सगळे त्यांच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून कोंबलेले. सृष्टी हवामान, शाळा, जेवण यांविषयी बोलत राहिली. बापूरावांची मान हलली नाही. आंदोलन म्हणजे आंदोलन.

शेवटी आयनोने विचारलं, "मधले गृहस्थ कोण आहेत?"

माझ्या डोक्यात आलेली उत्तरं अशी: शेजारी, आंदोलक, वादी. बाबांनी तोंड उघडलं. बाबा खरं बोलणार हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं आणि सृष्टीचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात आई म्हणाली, "ग्रँडफादर."

मला बसलेल्या धक्क्यांची यादी इथून सुरू होते.

कॉल संपल्यावर आईने बाजू मांडली. "मग काय म्हणायचं होतं? लहान मुलाला कुठलाही म्हातारा दाखवताना आपण 'हे बघ आजोबा' असंच म्हणतो ना? रिक्षावाल्यालासुद्धा म्हणतो. घरात धरणं धरून बसलेत असं सांगू त्या पोरीला?"

"मला म्हातारा म्हणायचं कारण नाही," बापूराव सोफ्यावरून म्हणाले. मग वाट मोकळी झाल्यावर गेले.

दोन दिवसांनी फिनलंडहून मेल आला. तीन कुटुंबांशी बोलून त्यांनी आमची निवड केली होती. का? तर आजोबा. 'इतका वेळ एकही शब्द न बोलता ते आपल्या माणसांमध्ये बसून होते. आम्हा फिनलंडच्या लोकांना शांतपणे एकत्र बसण्याचं मोल कळतं. आयनोला आजोबा नाहीत. ती त्यांना भेटायला फार उत्सुक आहे.'

सृष्टीने मेल मोठ्यांदा वाचला, ओठ घट्ट मिटून बाबांकडे बघितलं, आणि मग बंद दाराकडे. दाराच्या पलीकडे रेघ. रेघेच्या पलीकडे आजोबा.

बाबांनी चहाचं आमंत्रण दिलं. दूधवाल्यामार्फत.

बापूराव इस्त्रीच्या शर्टात आले. मेल दोनदा वाचला. 'शांतपणे' या शब्दावर थोडे थांबले. माझ्या अंदाजाने त्यांच्या स्वभावाबद्दल इतकं चांगलं कुणी पूर्वी लिहिलं नसावं.

"सहकार्य करायला हरकत नाही," ते म्हणाले. "रॅक आत घ्या."

"चार बोटं आत घेतो," बाबा म्हणाले.

"आत म्हणजे घरात, गांगल."

बाबांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. सृष्टी बाबांकडे बघत होती. तिने 'शेफाली' असा एकच शब्द उच्चारला. बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "घेऊ."

"आणि तुमचा बाप व्हायची माझी इच्छा नाही. आडनावं वेगळी आहेत, उगाच घोटाळा नको. मी वहिनींचा बाप होतो. सासऱ्याला काम कमी, मान जास्त."

अशा रीतीने आमचे बाबा एका कप चहात जावई झाले. साताऱ्याचे खरे आजोबा हारासकट माळ्यावर गेले. फोटो काढताना आईचे डोळे भरून आले. "अप्पा, पंधराच दिवस," ती फोटोला म्हणाली. खऱ्या आजोबांना माळ्यावर टाकून खोट्यांना सोफा देणारं पुण्यातलं हे पहिलंच घर असावं. निदान उघडपणे.

आयनो आली. माझी खोली तिला दिली आणि मी लॅपटॉपसह स्वयंपाकघरात गेलो. रॅकही स्वयंपाकघरात आला होता, कारण दुसरीकडे जागा नव्हती. ऑफिसच्या कॉलवर माझ्यामागे तीन मजल्यांवर रचलेल्या चपला दिसायच्या. मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "तेजस, देवळाबाहेर बसला आहेस का?" तेव्हापासून कंपनीत माझ्याशी लोक जरा जपून बोलतात.

आयनोने आल्याआल्या आम्हा सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि बापूरावांशेजारी जाऊन बसली. काही बोलली नाही. बापूरावही बोलले नाहीत. अर्धा तास दोघं सोफ्यावर समोरच्या भिंतीकडे बघत बसले. आम्ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. "भांडले का?" आईने विचारलं. "रमले," सृष्टी म्हणाली.

तिच्या भाषेत आजोबांना उक्की म्हणतात. बापूरावांनी शब्द तपासून घेतला, दोनदा म्हणून पाहिला आणि मंजूर केला.

पहिल्या दिवशी जेवणं झाल्यावर मात्र पंचाईत झाली. बापूराव उठले, स्वतःचा पेला धुतला, बगलेत मारला, "येतो" म्हणाले आणि समोरच्या घरात जाऊन आतून कड्या लावल्या. एकामागून एक, तीन. आयनो बंद दाराकडे बघत राहिली. सकाळी ते चहाला आले तेव्हा तिने इंग्रजीत विचारलं, "उक्की, तुम्ही जेवून परत का जाता?"

बापूरावांचं इंग्रजी सरकारी टिपणीचं आहे. "विथ रेफरन्स टु युवर क्वेरी," ते म्हणाले, "धिस इज द प्रॅक्टिस हिअर." म्हणजे, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. आयनोने मान डोलावली. प्रश्न मिटला असं आम्हाला वाटलं.

हळूहळू बापूराव भूमिकेत शिरले. आधी रिमोट गेला. मग पेपर, बाबांना तो दुपारी, शब्दकोडं सोडवून झाल्यावर मिळू लागला. "जावईबापू, चष्मा द्या बरं तेवढा," असं ते आयनोसमोर म्हणत आणि बाबा देत. मला विचारत, "काय रे, यंदा पगारवाढ नाही म्हणतात?" मी म्हणे, नाही. मग आयनोला इंग्रजीत सांगत, "ही इज अंडर ऑब्झर्वेशन." लहानपणी आई पन्हं कसं करायची, तिला कुठल्या वर्गात किती मार्क पडले, हे ते आयनोला इतकं रंगवून सांगत की एकदा आईच म्हणाली, "अहो, खरंच, मला गणितात कमी पडले होते. तुम्हाला कसं कळलं?"

"बापाला कळतं," बापूराव म्हणाले.

मग मार्केट यार्ड. बापूरावांना आयनोला भाजी योग्य भावात कुठे मिळते ते दाखवायचं होतं. परदेशी पाहुण्यांना लोक शनिवारवाडा दाखवतात. बापूरावांच्या मते शनिवारवाडा कुठे जात नाही, फ्लॉवरचा भाव जातो. ओझं उचलायला मी. गाळ्यावर बापूरावांनी दोन गड्डे उचलून भाव विचारला. व्यापारी हिशेबातून मान वर न करता म्हणाला, "आजोबा, किरकोळ पाहिजे तर मंडईत जावा. इथं गोणी निघते."

बापूरावांनी आयनोकडे पाहिलं. आयनो मोठ्या विश्वासाने त्यांच्याकडे पाहत होती.

"मग गोणीच घेणार आहे," बापूराव म्हणाले. "मी किरकोळ दिसतो का?"

एका पुणेकराचा स्वाभिमान किती जड असतो हे मला ती गोणी दोन जिने चढवताना समजलं. पुढे घरात फ्लॉवरची भाजी, फ्लॉवरचा रस्सा, फ्लॉवरची भजी, फ्लॉवरचं लोणचं आणि एकदा चुकून फ्लॉवरचा शिरा असं सगळं झालं. कौशल्याताईंनी चार गड्डे नेले आणि पुढच्या वेळी आम्हाला पाहून दार लावून घेतलं. आयनोने तिच्या आईला फोनवर सांगितलं की, फ्लॉवर ही महाराष्ट्राची राज्यभाजी आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं, ही जाणीव होताच मला काळजी वाटू लागली. ती रास्त होती. संस्थेच्या नम्रता मॅडम न कळवता पाहणीला आल्या.

सुती साडी, मोठी टिकली, हातात टॅब. सोफ्यावर बापूराव आणि आयनो नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघत बसलेले. मॅडमनी खोली पाहिली, बाथरूम पाहिलं, स्वयंपाकघरातला रॅक जरा जास्तच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस पडताळणी लागते. तुमच्या तिघांची आहे. आजोबांची नाही?"

"ते समोर राहतात," बाबा म्हणाले.

"वडील समोर राहतात? वेगळे? का?"

सृष्टीच्या हातात पाण्याचा ट्रे होता, त्यातले पेले किणकिणू लागले.

"जावयाशी पटत नाही," बापूराव म्हणाले.

आमच्या घरात कित्येक दिवसांनी उच्चारलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. मॅडमचा चेहरा लगेच मऊ झाला. "हो का. समजू शकते मी," त्या म्हणाल्या आणि टॅबवर टिचकी मारली. सृष्टीने ट्रे खाली ठेवला.

"आता फक्त शेजाऱ्यांचं मत," मॅडम उठत म्हणाल्या. "त्याच मजल्यावरचे लागतात. तुमचे शेजारी कोण?"

मी पुन्हा सांगतो, मजल्यावर दोनच दारं आहेत. 'समोर' म्हणजे रस्त्यापलीकडे असं समजलेल्या मॅडम बाहेर गेल्या आणि समोरची बेल वाजवली. आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो. बेल वाजवून दार उघडायची वाट बघणारी बाई आणि ते दार उघडणारा एकमेव माणूस तिच्यामागे सोफ्यावर. मॅडमनी पाटी वाचली. पुन्हा बेल वाजवली. बाबांनी डोळे मिटले. मला शेफाली बर्फात स्लेजवर बसलेली स्पष्ट दिसली; तिच्या अंगात माझ्या बहिणीचा नवा कोट होता.

बापूराव उठले. चपला घातल्या, मॅडमच्या शेजारून गेले, खिशातून किल्ली काढून आपलं दार उघडलं, आत गेले, वळले आणि उंबऱ्यात उभे राहिले.

"बोला," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही तर वडील ना?"

"तिकडच्या बाजूला. इकडे शेजारी." त्यांनी बोटाने खडूची रेघ दाखवली. "विचारा काय विचारायचं ते."

मॅडम बहुधा पुण्याच्याच असाव्यात, कारण त्यांनी विचारलं. "शेजारी म्हणून हे कुटुंब कसं आहे?"

"त्रासदायक," बापूराव म्हणाले. मग सगळं बाहेर पडलं. रॅक. गाद्या. रविवारचं ड्रिलिंग. मी कॉलेजात असताना घेतलेली आणि कधीही न जमलेली गिटार. तिरक्या रेघेचा आरोप. बाबा लाल होत गेले, सृष्टी पांढरी. संपल्यावर बापूरावांनी घसा साफ केला.

"पण मला तापाने गाठलं होतं मागच्या पावसाळ्यात," ते म्हणाले, "तेव्हा दाराबाहेर रोज मऊ भाताचा डबा असायचा. बेल वाजवायचे नाहीत. बोलणं बंद होतं ना. डबा रेघेच्या बरोबर माझ्या बाजूला ठेवलेला असायचा. एक बोटही इकडेतिकडे नाही." त्यांनी टॅबकडे बोट दाखवलं. "मुलगी यांच्याकडे नीट राहील. लिहून घ्या."

बाबांनी आईकडे पाहिलं. डब्याचं बाबांना माहीत नव्हतं. आईने बाबांकडे पाहिलं नाही. हासुद्धा धक्काच, पण यादीत मी तो वेगळ्या रकान्यात ठेवला आहे.

मॅडम टॅब हातात धरून रेघेवर उभ्या होत्या. त्यांना काहीतरी शिजतंय एवढं कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. तेवढ्यात आयनो बाहेर आली, त्यांना जिन्याच्या वळणावर घेऊन गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. मॅडमनी एकदा या दाराकडे पाहिलं, एकदा त्या. मग त्या टिचकी मारून उतरून गेल्या. खालच्या मजल्यावरून त्यांच्या हसण्याचा आवाज आला, असं कौशल्याताईंनी नंतर सांगितलं.

घर पास झालं. आयनोने काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही. पास झाल्यावर पेपर पुन्हा तपासायला कुणी देत नाही.

जायच्या दिवशी आयनोने सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. बापूरावांशेजारी पुन्हा अर्धा तास बसली. टॅक्सी निघाल्यावर ते म्हणाले, "फार बोलकी पोरगी," आणि घरी जाऊन तीन कड्या लावल्या.

खरं तर इथे सगळं पूर्ववत व्हायला हवं होतं. साताऱ्याचे आजोबा भिंतीवर परत आले. रॅक माझ्या खोलीत आला आणि तिथेच राहिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बापूराव नेहमीच्या वेळी पेला घेऊन चहाला आले. बाबांनी पेपर पुढे केला. शब्दकोडं तेवढं आधीच भरून ठेवलं होतं.

हिवाळ्यात सृष्टी फिनलंडला गेली. पहिल्या व्हिडिओ कॉलला आम्ही फोन टीव्हीला जोडला. सोफ्यावर आई, मध्ये बापूराव, बाबा, आणि सोफ्याच्या हातावर मी. टीव्हीवर सृष्टी, आयनो, तिचे आईवडील. आणि सगळ्यांच्या मधोमध, हाताची घडी घालून, जाड स्वेटरमधला एक गंभीर म्हातारा.

"हे इथले उक्की," सृष्टी म्हणाली.

आई मराठीत कुजबुजली, "अगं, तिला तर आजोबा नाहीत ना?"

"समोरचे आहेत," सृष्टी म्हणाली.

"समोरचे म्हणजे?"

"आयनोने शाळेत पुण्यावर प्रोजेक्ट केला. पुण्यात प्रत्येक घराला समोरच्या घरातून एक आजोबा मिळतात. सकाळी येतात, जेवतात, भांडतात, मग आपापल्या घरी परत जातात. अशी पद्धत आहे. नम्रता मॅडमचा गोंधळ झाला होता तेव्हा तिनेच समजावून सांगितलं म्हणे, की आमच्या देशात ही सोय नाही, पण तुमच्याकडची फार चांगली आहे. मग मला इथं परकं वाटू नये म्हणून तिच्या आईने समोरच्यांना विचारलं. इतकी वर्षं समोर राहतात, कधी बोललेच नव्हते."

"आता बोलतात?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण रोज येतात. स्वतःचा कप घेऊन."

आम्ही चौघं टीव्हीकडे बघत राहिलो. बापूराव चष्मा लावून पुढे वाकले. टीव्हीतला म्हाताराही पुढे वाकला. दोघं एकमेकांना बराच वेळ निरखत होते.

"विचार त्यांना," बापूराव सृष्टीला म्हणाले, "कुठल्या अटीवर आले."

सृष्टीने आयनोला विचारलं, आयनोने त्यांना. म्हाताऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. दोनच शब्द. आयनो हसली, तिचे वडील लाल झाले.

"काय म्हणतात?"

"यांच्या स्की बाहेर असायच्या," सृष्टी म्हणाली, "त्यांच्या दाराकडे थोड्या सरकलेल्या. आधी त्या आत घ्यायला लावल्या."

बापूरावांनी सावकाश मान डोलावली. मग मागे टेकून, हाताची घडी घालून ते बाबांना म्हणाले, "माणूस लायक आहे. निवडताना चूक केलेली नाही त्यांनी, जावईबापू."

"नाही," बाबा म्हणाले. आयनो निघून जाऊन कित्येक महिने झाले होते. बाबांना जावईबापू म्हणवून घ्यायची आता काहीच गरज नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.